खटपट्यांची बिनतारी

मराठीत 'खटपट्या' हा शब्द काहीशा थट्टेने उच्चारला जातो. बंद पडलेले घड्याळ उघडून बसणारा, जुन्या कुलपाच्या पोटात काय आहे हे पाहिल्यावाचून ज्याला झोप येत नाही, असा एखादा मुलगा किंवा मुलगी बहुतेक घरांत असते आणि वडीलधाऱ्यांकडून त्याला हीच पदवी मिळते. घड्याळ पुन्हा जोडून झाल्यावर एखादे चाक हातात उरले, तर थट्टेला आणखी धार चढते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत १९४६ पासून छोट्या आगगाड्यांच्या प्रतिकृती करणाऱ्या विद्यार्थ्यांचे एक मंडळ होते. टेलिफोनचे टाकाऊ भाग जोडून रुळांचे सांधे आपोआप बदलण्याची करामत ते करीत आणि अशा करामतीला ते आपल्या बोलीत 'हॅक' म्हणत. त्यावरून 'हॅकर' हा शब्द रूढ झाला. आज तो ऐकताच दुसऱ्याच्या संगणकात चोरून शिरणारा मनुष्य डोळ्यांपुढे येतो. पण मूळचा हॅकर हा आपल्या खटपट्याचाच सख्खा भाऊ होता.

अशा खटपट्यांना विसाव्या शतकात ज्या एका विद्येने सर्वांत अधिक वेड लावले, ती विद्या म्हणजे बिनतारी, अर्थात रेडिओ. या विद्येची ओळख करून घेण्यास फार मोठ्या प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. परभणी जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी तिचे निम्मेअधिक साहित्य सापडते.

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांनी भिजविलेला हा प्रदेश कापूस आणि ज्वारी पिकविणारा आहे. येथे विहिरींवर विजेच्या मोटारी असतात, आणि विजेचा दाब कमीअधिक झाला की त्या जळतात. म्हणून परभणी, गंगाखेड, सेलू, जिंतूर अशा गावी मोटारींच्या वाइंडिंगची दुकाने असतात. त्या दुकानात लाखेसारखा चकचकीत लेप दिलेली तांब्याची तार असते. जळक्या मोटारीतून निघालेली तार मात्र उपयोगाची नाही. तिच्यावरील लेप जळून गेलेला असतो, त्यामुळे एका वेढ्यातील वीज थेट शेजारच्या वेढ्यात शिरते. नव्या तारेचा उरलेला तुकडा मागावा. अर्धा मिलीमीटर जाडीची बारा-तेरा मीटर तार पुरते. कापडाच्या दुकानात ताग्याच्या आत पुठ्ठ्याची नळी असते. सुमारे सहा सेंटिमीटर व्यासाची अशी नळी घेऊन तिच्यावर तारेचे साठ ते सत्तर वेढे एकमेकांना अगदी खेटून द्यावेत आणि पंधराव्या वेढ्याशी तारेचा एक फाटा बाहेर काढून ठेवावा. हे झाले संचाचे वेटोळे.

दुसरा भाग म्हणजे गँग कंडेन्सर. जुन्या रेडिओची कळ फिरविली की आतील पंख्याच्या पात्यांसारखे पत्रे एकमेकांत शिरतात आणि बाहेर येतात, तोच हा भाग. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या भंगारात तो मिळतो. त्याच भंगारात काचेच्या बारीक नळीत बसविलेला जर्मेनियमचा डायोड मिळतो. तो गव्हाच्या दाण्याहून फारसा मोठा नसतो. चौथी वस्तू कानाला लावण्याची. इथे पुष्कळ जण फसतात. मोबाइलचे इअरफोन जोडले तर काहीच ऐकू येत नाही, कारण त्यांचा रोध फार कमी असतो आणि या संचातील अतिसूक्ष्म वीज त्यांना हलवू शकत नाही. दोन हजार ओहम रोधाचे जुने हेडफोन किंवा स्फटिकी इअरफोन लागतो.

आता जोडणी पाहा. वेटोळ्याची दोन टोके कंडेन्सरच्या दोन टोकांना जोडली. वेटोळ्याच्या वरच्या टोकापासून डायोड, डायोडपासून हेडफोन आणि हेडफोनपासून वेटोळ्याचे खालचे टोक, असा दुसरा फेरा पुरा केला. पंधराव्या वेढ्याच्या फाट्याला एरियल, म्हणजे पंधरा-वीस मीटर लांबीची उंच ताणलेली तार, जोडली. हे पंधरा वेढे ज्या बाजूने मोजले त्या खालच्या टोकाला जमिनीत पुरलेल्या सळईची तार जोडली. संच पुरा झाला. त्यात सेल नाही, विजेची जोडणी नाही, आणि ती कधीही जोडावयाची नाही. तरीही कानाला लावल्यावर त्यातून माणसाचा आवाज येतो.

ही किमया कशी घडते? केंद्राचा मनोरा आपल्या शक्तीने आकाशात विद्युत्-चुंबकीय लहरी पसरवीत असतो. परभणीचे आकाशवाणी केंद्र मध्यमलहरींवर १३०५ किलोहर्ट्झ या वारंवारतेने ओळखले गेले. म्हणजे त्याच्या लहरी सेकंदाला १३ लाख ५ हजार वेळा थरथरत. लहर एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर धावते. त्या अंतराला कंपनांच्या संख्येने भागले की एका लहरीची लांबी निघते: सुमारे २३० मीटर. एवढी लांब लहर आपल्या ताणलेल्या तारेवरून गेली की तारेत तिच्याच तालावर विजेचा बारीक प्रवाह मागेपुढे होऊ लागतो. परंतु तारेवरून एकाच केंद्राच्या लहरी जात नाहीत. शेकडो केंद्रांचा कल्लोळ तिथे असतो. त्यातून एकच कसा निवडावा?

नागपंचमीला झाडाला बांधलेला झोका ज्यांनी हलविला आहे त्यांना याचे उत्तर ठाऊक आहे. झोक्याला स्वतःचा एक ताल असतो. त्या तालाशी जुळवून एका बोटाने जरी ढकलले, तरी झोका चढत जातो. वेळी-अवेळी कितीही जोराने ढकलले, तरी तो अडखळतो. वेटोळे आणि कंडेन्सर मिळून विजेचा असाच एक झोका होतो. कंडेन्सरचे पत्रे फिरविले की त्याचा ताल बदलतो, आणि तो १३०५ किलोहर्ट्झशी जुळला की त्या एका केंद्राची वीज त्यात चढत जाते. इतरांची मात्र तिथल्या तिथे विरते.

एवढ्याने काम भागत नाही. सेकंदाला तेरा लाख वेळा मागेपुढे होणाऱ्या विजेच्या तालावर हेडफोनमधील पातळ पत्रा हलू शकत नाही. एक धक्का पुढे, लगेच तितकाच मागे, अशाने तो जागच्या जागी राहतो. म्हणून डायोड हवा. सायकलच्या ट्यूबचा वाल्व्ह हवा आत जाऊ देतो, बाहेर येऊ देत नाही. डायोडही वीज एकाच दिशेने जाऊ देतो. आता सारे धक्के पुढचेच होतात. बोलणाऱ्याचा आवाज चढेल तसे ते मोठे होतात, उतरेल तसे लहान होतात, आणि पत्रा त्या चढउताराप्रमाणे थरथरतो. कानाला ऐकू येते ते हेच. ऐकण्यापुरती सारी शक्ती दूरच्या मनोऱ्यातून आलेली असते.

परभणीकरांच्या पायाखाली या कामी एक मोठे धन आहे. कोकणातील जांभा किंवा डोंगरावरील मुरूम यांत विजेला वाट सहज मिळत नाही. भिजलेली काळी जमीन मात्र तिला उत्तम वाट देते. श्रावणात सळई पुरली तर आवाज खणखणीत येतो. तीच जमीन वैशाखात हातभर भेगाळते, सळईभोवती पोकळी पडते आणि संच मुका होतो. मग संच खोलून दोष शोधण्यात काही अर्थ नसतो. सळईच्या बुडाशी घागरभर पाणी ओतावे लागते. पाण्याच्या रांजणाशेजारी किंवा न्हाणीच्या मोरीजवळ सळई ठोकली तर तेही करावे लागत नाही. एक गोष्ट मात्र कधी विसरू नये. मराठवाड्यात मृगाच्या आधीच्या वळवाच्या पावसात विजा फार पडतात. आभाळ गडगडू लागण्यापूर्वीच एरियल संचापासून सोडवून घराबाहेर ठेवावी आणि गडगडाट चालू असता तिला हात लावू नये. तसेच ती विजेच्या तारांच्या वरून, खालून वा जवळून कधीही नेऊ नये.

पूर्वी परभणीच्या मुलांना हा संच करूनही फारसा लाभ झाला नसता. मुंबईचे प्रक्षेपण केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले खरे. पण मुंबई परभणीपासून सरळ रेषेत सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे, आणि सेलावाचून चालणाऱ्या संचाला जवळचेच केंद्र लागते. परभणीत स्वतःचे केंद्र उभे राहिल्यावर ती अडचण दूर झाली. नंतरच्या काळात पुष्कळ ठिकाणी मध्यमलहरींचे क्षेपण थांबले आणि एफएमचे सुरू झाले. एफएमची लहर वेगळ्या रीतीने आवाज वाहते आणि ती या साध्या संचाच्या हाती सहसा लागत नाही. म्हणून संच करण्यापूर्वी आपल्या परिसरात मध्यमलहरींवर काय ऐकू येते याची चौकशी करणे शहाणपणाचे होय.

डायोड दुकानात मिळू लागण्याच्या कितीतरी आधी लोक असे संच करीत होते. त्यांच्या संचात गॅलेना नावाच्या, शिशाच्या चकचकीत खनिजाचा खडा असे. त्यावर एक बारीक तार टेकवून संवेदनशील जागा शोधावी लागे. इंग्रज तिला 'मांजराची मिशी' म्हणत, आणि ती मिशी जरा हलली की गाणे थांबे! या खड्याच्या गुणाचा बिनतारीसाठी उपयोग करून त्याचे पेटंट घेणारे संशोधक भारतीय होते. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकविणारे जगदीशचंद्र बोस यांनी १९०१ साली अमेरिकेत त्यासाठी अर्ज केला आणि १९०४ साली त्यांना ते पेटंट मिळाले. त्यांनी आपली पुष्कळशी उपकरणे स्थानिक कारागिरांकडून, समोर बसून, करवून घेतली होती. भारतात नियमित प्रक्षेपण सुरू होण्यापूर्वी ते करून पाहिले तेही हौशी लोकांनीच. मुंबईच्या रेडिओ क्लबाने जून १९२३ मध्ये कार्यक्रम प्रक्षेपित केले, तेव्हा सरकारी वा व्यापारी केंद्राचा पत्ताही नव्हता.

हा छंद केवळ फुरसतीचा आहे असे वाटणे साहजिक आहे. तसे ते पुष्कळ वेळा असतेही. परंतु १९४४ साली इटलीतील अँझिओच्या किनाऱ्यावर खंदकांत अडकून पडलेल्या सैनिकांची हकीकत पाहावी. त्यांच्याजवळ गॅलेना नव्हते, डायोडही नव्हता. त्यांनी दाढीचे निळसर पाते घेतले, त्यावर पेन्सिलीतल्या शिशाचा तुकडा टाचणीला बांधून टेकविला, आणि पात्यावरील निळसर थराने खड्याचे काम केले. पुठ्ठ्यावर गुंडाळलेली तार आणि टेलिफोनचा एक श्रवक एवढ्या सामग्रीवर ते रात्री बातम्या आणि गाणी ऐकत. रेडिओचे काही संच स्वतःही बारीक लहरी बाहेर टाकतात, आणि त्यांवरून शत्रूला जागा कळण्याचे भय असते. पात्याच्या संचाला ते भय नव्हते. रेडिओच्या पोटात काय चालते हे ज्याला ठाऊक होते, त्यालाच दाढीच्या पात्यात रेडिओ दिसला.

ऐकण्यापेक्षा बोलणे अवघड, आणि कधी कधी धोक्याचेही. लहरी पाठविणारा संच करावयाचा तर त्यास शक्ती लागते, अधिक ज्ञान लागते आणि सरकारची परवानगीही लागते. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हौशी बिनतारीवाल्यांचे परवाने रद्द केले आणि संच जमा करण्याचे हुकूम काढले. तीन वर्षांनी, ऑगस्ट १९४२ मध्ये, मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला. दुसऱ्याच दिवशी पहाटे गांधीजी व इतर नेते पकडले गेले. वृत्तपत्रांवर निर्बंध आले. देशात काय चालले आहे हे देशाला कळेनासे झाले.

त्या वेळी उषा मेहता ही बावीस वर्षांची विद्यार्थिनी आणि तिचे काही सहकारी यांनी गुप्त रेडिओ चालविण्याचे ठरविले. पैसे देणारे भेटले. पण बाजारात जाऊन प्रक्षेपणाचा संच विकत घेणे शक्य नव्हते. अशा वेळी उपयोगी पडली ती हौशी मंडळी. नरिमन प्रिंटर हे मुंबईचे हौशी बिनतारीचालक होते. त्यांनी सुटे भाग जमवून संच उभा केला आणि ऑगस्टच्या अखेरीस काँग्रेस रेडिओ बोलू लागला. हिंदुस्थानातून कुठून तरी, ४२.३४ मीटरवरून, अशी तो आपली ओळख सांगे. ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७ मेगाहर्ट्झ. जगभरचे हौशी बिनतारीवाले ज्या 'चाळीस मीटर' पट्ट्यावर एकमेकांशी बोलतात, तो हाच. छंदाच्या दिवसांत ज्या पट्ट्यावर हवापाण्याच्या गोष्टी होत, त्यावरून आता चितगाव, जमशेदपूर, आष्टी-चिमूर अशा ठिकाणच्या दडपलेल्या बातम्या येऊ लागल्या.

लहर कुठून येते हे शोधण्याची यंत्रे पोलिसांच्या गाडीत होती. दिशादर्शक एरियल फिरवीत ती गाडी गल्ल्यांतून हिंडे. म्हणून संच एका जागी राहत नसे. एका घरातून उचलावा, दुसऱ्या घरी जोडावा, एरियल पुन्हा बांधावी, अर्धा तास बोलावे आणि पुन्हा उचलावा. ज्याने संच स्वतः जोडला आहे त्यालाच हे घाईचे काम साधते. १२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री कार्यक्रम चालू असताना पोलीस दार फोडून आत शिरले. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. १९४६ साली त्या तुरुंगातून सुटल्या. पुढे त्यांनी मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकविले. १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २००० साली त्या निवर्तल्या.

काही वर्षांनी हाच प्रकार सह्याद्रीच्या रानात घडला. १९५४ साली दादरा आणि नगरहवेली पोर्तुगिजांच्या ताब्यातून सुटली, तेव्हा तेथील त्यांचे बिनतारी संच स्वातंत्र्यसैनिकांच्या हाती आले. त्यांत फेरफार करून प्रक्षेपणाचा संच बनविण्यात आला, आणि २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोव्याच्या मुक्तीचा आवाज हवेत सोडला. आरंभी हा संच आंबोलीच्या जंगलात एका ट्रकमध्ये होता. पुढे तो कॅसलरॉकला गेला. आंबोलीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ट्रकमधील त्या दिवसांची कल्पना येईल. पोर्तुगीज आणि कोकणी भाषांतून हे बोलणे सहा वर्षे, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त होईपर्यंत, चालू राहिले. ज्याच्या यंत्रातून सत्ता चालत होती, त्याच्याच यंत्रातून तिला उत्तर मिळाले.

स्वतंत्र भारतात हौशी बिनतारीला पुन्हा मोकळीक मिळाली. या छंदिष्टांना जगभर 'हॅम' म्हणतात. परवान्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते. तीत विजेचे आणि लहरींचे मूलतत्त्व विचारतात, लहरींवर बोलण्याचे नियम विचारतात, आणि वरच्या श्रेणीसाठी टिंब आणि रेघ यांची मोर्सची सांकेतिक भाषाही आजवर विचारीत आले आहेत. १९७८ च्या नियमांनी या परीक्षेसाठी किमान वय ठेवले ते बारा वर्षे! म्हणजे हा पाठ वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांचे वय त्यास पुरेसे आहे. परवाना मिळालेल्यास एक संकेतनाम मिळते, आणि भारतातील अशा नावांचा आरंभ बहुधा 'व्हीयू' या अक्षरांनी होतो. भारताचे पंतप्रधान राजीव गांधी हेदेखील असे परवानाधारक हॅम होते. लहरींवर भेट झाल्यावर दूरदेशीचे हॅम परस्परांना आठवणीदाखल पोस्टकार्डे पाठवितात. त्यावर संकेतनाम, वेळ, वारंवारता आणि आवाज कितपत स्पष्ट आला हे लिहिलेले असते. या बोलण्यात व्यापार चालत नाही, राजकारण चालत नाही, गुप्त सांकेतिक निरोपही चालत नाहीत. परवान्यावाचून लहरी पाठविणे हा गुन्हा आहे, आणि तो योग्यच म्हटला पाहिजे. कारण आकाश सर्वांचे आहे आणि एकाच्या बेपर्वाईने विमानाचा वा जहाजाचा निरोप बुडू शकतो.

परभणीला लागून असलेल्या लातूर जिल्ह्यात ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते आणि लोक थकून झोपले होते. दगडामातीच्या जाड भिंती आणि मातीची जड धाबी अंगावर कोसळून किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्या काळी खेड्यात मोबाइल नव्हते. जे थोडे टेलिफोन होते तेही मुके झाले. कोणत्या गावी किती माणसे ढिगाऱ्याखाली आहेत, कुठे डॉक्टर हवा आणि कुठे आधीच तीन डॉक्टर पोचले आहेत, हे कळल्यावाचून मदतीची गाडी वळवायची कुठे? त्या दिवसांत हॅम मंडळी आपले संच आणि मोटारीची बॅटरी घेऊन तिथे गेली आणि त्यांनी निरोपांची देवाणघेवाण केली. एरियल बांधण्यास त्यांना मनोरा लागत नाही. एखादे उभे राहिलेले झाड आणि वर फेकलेली दोरी पुरते.

याहून विलक्षण योग अंदमानात आला. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ या संस्थेच्या भारती प्रसाद डिसेंबर २००४ मध्ये काही हॅम सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. तेथून हौशी प्रक्षेपणास बरीच वर्षे परवानगी नव्हती, त्यामुळे जगातील हॅम त्या बेटांवरचा आवाज ऐकण्यास आतुर होते. दिवसरात्र भेटींचा सपाटा चालू होता. पोस्टकार्डे कशी पाठवावी याची चिंता पडावी इतक्या भेटी झाल्या. २६ डिसेंबरच्या सकाळी साडेसहाच्या सुमारास हॉटेल हादरू लागले. त्या वेळी भारती प्रसाद संचावरच होत्या. धक्का जाणवल्याचे त्यांनी लहरींवर सांगितले आणि बाहेर धाव घेतली. काही वेळाने समुद्र आत आला. वीज गेली, टेलिफोन गेले, निकोबारच्या बेटांशी संबंध तुटला.

ज्या संचावर हौसेच्या भेटी होत होत्या, तोच संच त्या मंडळींनी सरकारी नियंत्रण कक्षाच्या सेवेला दिला. काही सहकारी विमानाने कार निकोबारला गेले आणि तिथे दुसरे केंद्र उभे राहिले. पुढील दिवसांत निरोपांची रांग लागली. औषधे किती हवीत, बोट कुठे लागू शकेल, असे सरकारी निरोप त्यात होते. पण अधिक होते ते घरच्यांचे. मुख्य भूमीवरचे हॅम रात्रभर कानाला श्रवक लावून ते टिपून घेत आणि आपल्या गावच्या टेलिफोनवरून पुढे कळवीत. निरोप फार लहान असत. नाव, गावाचे नाव, आणि बहुधा एकच शब्द: सुखरूप.